तुटलेली स्प्रिंग आणि पंक्चरवाल्याची हवा

इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर त्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि २५ वेळा मिटतो. उघडायचं काम कॅमशाफ्टचं. मिटवायचं काम एकट्या स्प्रिंगचं, तासाला ९० हजार वेळा. लाखभर किलोमीटर चाललेल्या साध्या मोटारीतली स्प्रिंग तोवर पंधराएक कोटी वेळा दबून सुटलेली असते. तिला ना सर्व्हिसिंग, ना ग्रीस, ना कुणाची विचारपूस. गाडीमालकांपैकी निम्म्यांना ती असते हेही ठाऊक नसतं. मग एखाद्या दुपारी ती तुटते, आणि चार सिलेंडरची गाडी तीनवर येते.

मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाणा हे असं गाव आहे, की उत्तरेकडून येणारी दमलेली गाडी तिथे हमखास कुरकुरते. सेंधव्याकडून बिजासनचा घाट उतरायचा, पळासनेर, शिरपूर, मग सावळद्याजवळ तापीचा पूल, आणि पुढे नरडाणा. एका अंगाला सुरत-भुसावळ रेल्वेचं स्टेशन, दुसरीकडे एमआयडीसी, रस्त्याच्या कडेने ढाबे, पंक्चरची दुकानं आणि मिस्त्रींचे गाळे. पुढे सोनगीर, धुळे, आणि धुळ्याच्या पलीकडे लळिंगचा घाट. इथल्या मिस्त्रीला ‘गाडी तीनवर चाली रायनी, भाऊ’ एवढं सांगितलं की पुरतं. बाकीचं त्याचा कान सांगतो.

घाटाचा आणि स्प्रिंगचा संबंध थेट आहे. चढणीवर इंजिन तापतं हे सगळ्यांना कळतं. स्प्रिंगला खरा धोका उतारावर असतो. उतरताना ड्रायव्हर चौथ्यातून तिसऱ्यात जायच्या ऐवजी चुकून दुसऱ्यात जातो. क्लच सोडताच चाकं इंजिनाला फिरवायला लागतात, ॲक्सिलरेटरवर पाय असो वा नसो. इंजिन आपल्या मर्यादेपलीकडे पळतं. त्या वेगात स्प्रिंगला व्हॉल्व्ह परत आणायला सवडच मिळत नाही. तो कॅमच्या मागे मागे तरंगत राहतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला भेटायची शक्यता निर्माण होते. स्प्रिंगची वेटोळी स्वतःच लाटेसारखी हलू लागतात, एकमेकांवर आपटतात. तेव्हा ती तुटेलच असं नाही. पण तिच्या अंगावर एक केसाएवढी चीर पडून राहते आणि पुढच्या हजारो किलोमीटरमध्ये सावकाश वाढते. म्हणून घाटात केलेली चूक सपाटीवर, भलत्याच दिवशी वसूल होते. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की काहीही केलं नाही, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही असतं.

दुसरं कारण गंज. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हेडच्या वरच्या भागात ओल धरते, तारेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि चीर तिथूनच निघते. तिसरं कारण तारेतच दडलेलं: पोलाद ओततानाच आत राहून गेलेला परक्या पदार्थाचा कण. चौथं म्हणजे स्वस्तातली नकली स्प्रिंग. याहून वेगळा प्रकार म्हणजे न तुटता ‘बसलेली’ स्प्रिंग. पाणी उकळून इंजिन वारंवार तापलं, की तिचा ताण कमी होतो आणि उंची घटते. ती दिसायला धडधाकट असते, पण वेगात गाडी दम सोडते.

तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा हातात आला तर तो फेकू नये, उन्हात धरून पाहावा. तार सरळ काटकोनात तुटलेली नसते. मोड तिरका, पिळलेला असतो, कारण स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार खरं तर पिळली जात असते. त्या मोडाच्या कडेला, बहुतेक वेळा वेटोळ्याच्या आतल्या बाजूला, चंद्रकोरीसारखा गुळगुळीत भाग दिसतो. चीर तिथे जन्मली आणि हळूहळू सरकत गेली. उरलेला भाग खरखरीत, करडा. तो एका झटक्यात फाटलेला. गुळगुळीत भागाच्या टोकाशी तांबूस ठिपका असेल तर गंज, बारीक ओरखडा असेल तर बसवताना कुणीतरी पकडीने धरलं होतं. आतल्याच बाजूला का, याचा हिशेब ए. एम. वाल या अमेरिकी अभियंत्याने १९२९ च्या सुमारास मांडला: तार वळवलेली असल्यामुळे आतल्या कडेवर ताण जास्त येतो, आणि वेटोळं जितकं घट्ट तितका अधिक. स्प्रिंग बनवणारे कारखाने त्या हिशेबाचा गुणक आजही वापरतात.

चिरेवरचा उपायही त्याच काळातला. स्प्रिंगवर पोलादी छऱ्यांचा मारा करायचा. पृष्ठभाग ठोकला जाऊन आतून दाबलेला राहतो, आणि दाबलेल्या कातडीत चीर सहजी उघडत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन आल्मेन यांनी या माऱ्याचं शास्त्र बसवलं. मारा किती झाला हे मोजायच्या पट्टीला आजही आल्मेन पट्टीच म्हणतात. म्हणूनच चांगली स्प्रिंग चकचकीत नसते, किंचित खडबडीत आणि मंद करडी असते. दुकानात आरशासारखी चमकणारी स्प्रिंग कुणी कौतुकाने पुढे केली तर मी तरी दुसरी मागेन.

एवढं शास्त्र जमेला असूनही मोठ्यांच्या हातून हे सुटतं. २०१८ च्या नोव्हेंबरात जपानच्या सुबारूने जगभरातल्या सुमारे चार लाख गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्यासाठी परत बोलावल्या. सुबारूच्या कारखान्यातून गेलेल्या टोयोटाच्या काही गाड्याही त्यांत होत्या. त्या इंजिनांचे सिलेंडर आडवे, समोरासमोर, त्यामुळे बोटभर स्प्रिंगसाठी अख्खं इंजिन गाडीबाहेर काढावं लागत होतं. शर्यतीवाल्यांनी तर स्प्रिंगवर विश्वास ठेवणंच सोडलं. मर्सिडीजच्या १९५४ च्या शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच होता, डुकाटीच्या मोटारसायकलींनी ती रीत पुढे नेली, आणि रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात स्प्रिंगच्या जागी दाबलेला वायू आणला.

आपल्या रस्त्यावर हे काही नाही. आपल्याकडे जुनी पद्मिनी, एखादी जीप, आठ-दहा वर्षांची हॅचबॅक, आणि समोर मिस्त्री.

स्प्रिंग तुटल्याची लक्षणं अशी. हेडमधून टकटक, टॅपेट वाजतात तशी पण जास्त कडक. गाडी ओढत नाही. इनलेटची तुटली असेल तर कार्बोरेटरमधून उलट फटके येतात. एक्झॉस्टची असेल तर सायलेन्सर फटफटतो. नव्या गाडीत स्कॅनर कोणता सिलेंडर मिस मारतोय ते सांगतो, मात्र का, ते सांगत नाही. जुन्या गाडीत मिस्त्री प्लगची एकेक वायर काढून बघतो: जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीच मेलेला. मग टॅपेट कव्हर उघडायचं. कधी तुकडे समोरच पडलेले असतात. कधी स्प्रिंग जागच्या जागी तुटून वेटोळ्यात वेटोळं अडकवून उभी असते, आणि बोटाने फिरवून पाहिल्याशिवाय समजत नाही. दुहेरी स्प्रिंगच्या इंजिनात बाहेरची तुटली तरी आतली व्हॉल्व्ह धरून ठेवते. एकेरीत ती सोय नाही.

म्हणून आवाज आला की गाडी बंद. ‘धुळ्यापर्यंत हळूहळू नेतो’ हे वाक्य फार महागात पडतं. स्प्रिंगची किंमत काही शे रुपयांत असते. पण तिने सोडलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकला तर हेड उतरवा, मुंडकं तुटून आत पडलं तर पिस्टन, लायनर, हेड सगळंच. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो एकटाच स्प्रिंगच्या कैकपट किमतीचा.

आता मुख्य अडचण. स्प्रिंग काढायची म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याला पकडून ठेवणारी दोन छोटी लॉकं काढायची. ती निघाली की व्हॉल्व्हला धरणारं काही उरत नाही, आणि तो सरळ सिलेंडरमध्ये उतरतो. हेड न उतरवता त्याला खालून आधार कसा द्यायचा, यावर सगळं काम उभं आहे.

जुना मार्ग दोरीचा. प्लग काढायचा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकापासून तीन-चार सेंटिमीटर खाली ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत भरत जायची, शेपूट बाहेर ठेवून. मग क्रँक हाताने हलकेच फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरीचा गुंडाळा दबतो आणि व्हॉल्व्हना खालून घट्ट टेकवतो. दोरी सुताची नको. तिचे धागे आत सुटतात.

दुसरा मार्ग हवेचा, आणि महामार्गावर तो जास्त सोयीचा, कारण गॅरेजच्या शेजारी पंक्चरवाला असतोच. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढतात, त्याच्या लोखंडी बुडाला नळीचं तोंड वेल्ड करतात, झाला ॲडॅप्टर. तो प्लगच्या जागी बसवून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे १०० पौंडांच्या आसपास दाब असला तर साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हवर खालून ६७ किलोचा रेटा बसतो; तो खाली येत नाही. पण तीच हवा पिस्टनलाही रेटते. ७ सेंटिमीटरच्या पिस्टनवर पावणेतीनशे किलोच्या जवळपास. पिस्टन नेमका वरच्या टोकाला नसेल तर इंजिन गपकन फिरतं, आणि क्रँकच्या बोल्टवर विसरलेला पाना मिस्त्रीच्या मनगटावर येतो. म्हणून हवा सोडायच्या आधी पाना काढलेला, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.

हवेचा आणखी एक गुण दोरीत नाही: ती निदान करते. हवा सोडल्यावर कान लावायचा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट गळतोय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. थोडी कुजबुज ऑइल भरायच्या तोंडातून येणारच, ती रिंगांची. पण व्हॉल्व्हकडून भरभरून हवा येत असेल तर तो वाकला आहे. मग नवीन स्प्रिंग घालून उपयोग नाही, हेड उतरवावंच लागतं. अशा वेळी ‘बसवून तर बघू’ म्हणणाऱ्या मिस्त्रीपेक्षा हात थांबवणारा मिस्त्री बरा.

पुढचं काम बोटांचं. रॉकर शाफ्ट सैल करून बाजूला. ज्या इंजिनात कॅम थेट बकेटवर दाबतो, तिथे कॅमच काढावा लागतो. त्यासाठी आधी टायमिंगच्या खुणा करून ठेवायच्या, आणि हे काम अर्ध्या दिवसाचं होतं. हेडमध्ये तेल खाली जाण्याची जी भोकं असतात, त्यांत चिंधी कोंबायची, कारण लॉक हातातून निसटलं तर ते तिथेच जातं आणि मग तळाचा चेंबर उघडायची वेळ येते. लॉकं कैक वर्षांची घट्ट बसलेली असतात. वरच्या वाटीवर गोटी ठेवून हातोडीचा हलका ठोका दिला की सुटतात. तरफेने स्प्रिंग दाबायची, मॅग्नेटने दोन्ही लॉकं उचलायची, तरफ हळूच सोडायची. तुटलेले तुकडे काढून फडक्यावर जुळवून बघायचे. वेटोळी पुरी भरली पाहिजेत. एक तुकडा कमी असेल तर तो इंजिनात आहे.

हात आत आहेच तर व्हॉल्व्हचं रबरी सील बदलून घ्यावं. नाहीतर महिन्याभराने निळा धूर दिसला की पुन्हा तोच खटाटोप. नवीन स्प्रिंग जुन्या चांगल्या स्प्रिंगशेजारी सपाट काचेवर उभी करून उंची पाहायची, काटकोन लावून सरळपणा पाहायचा. बऱ्याच स्प्रिंगांची वेटोळी एका टोकाला दाट, दुसऱ्याला विरळ असतात. दाट टोक खाली, हेडकडे. असमान वेटोळ्यांमुळे स्प्रिंग एकाच लयीत थरथरत नाही, म्हणून ती तशी केलेली. उलटी बसवली तर जड टोक हलत्या बाजूला येतं आणि सगळा हेतू वाया जातो.

लॉकांना ग्रीसचा ठिपका लावला की ती दांड्याला चिकटून राहतात. दोन्ही खाचेत बसली की तरफ सोडायची आणि व्हॉल्व्हच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने एकदा ठोकायचं. लॉक अर्धवट बसलं असेल तर ते याच क्षणी उडतं, आणि इंजिन चालू असताना उडण्यापेक्षा आत्ता उडालेलं कधीही चांगलं. त्या वेळी तोंड बाजूला ठेवायचं. हवा बंद, चिंध्या मोजून बाहेर, रॉकर शाफ्ट जागेवर. फीलर गेज घालून टॅपेट लावायचे. त्यानंतर प्लग न लावता क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा. कुठे अडलं तर जोर न करता थांबायचं.

एकच बदलायची की सगळ्या, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. तुटलेल्या तुकड्यावर ओरखडा किंवा गंजाचा एकच ठिपका दिसला आणि बाकीच्यांची उंची सारखी असली, तर एक बदलून चालतं. पण गाडीने दीड-दोन लाख किलोमीटर केले असतील, किंवा आधीच कुणीतरी नकली सेट घातला असेल, तर सगळ्यांनी सारखेच हेलपाटे घातलेले असतात. आज एक गेली, उद्या शेजारची. सेट धुळ्याहून एसटीच्या ड्रायव्हरकडे पार्सल करून मागवला तर संध्याकाळपर्यंत हातात येतो. तोवर टॅपेट कव्हर उघडं ठेवू नये, स्वच्छ फडकं टाकून ठेवावं. महामार्गाची धूळ तेलात गेली तर बेअरिंगं खाते. आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर टॅपेट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.