बेटावर सायकली न्यायच्या आहेत

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत सपाट रस्ता शोधावा लागतो. भोरहून महाडकडे निघा, वरंधा घाट. वाईकडे निघा, मांढरदेवीचा घाट. वेल्ह्याहून पानशेतकडे जा, पाबे घाट. त्यामुळे आमच्याकडे सायकल ही आठवी-नववीतल्या दांडग्या मुलांची गोष्ट. मुलगी पाचवी-सहावीपर्यंत गल्लीत फिरवते, मग ती सायकल धाकट्या भावाकडे जाते. आईचा तर प्रश्नच येत नाही.

यंदा आम्ही सात घरांनी मिळून एक बेत केला आहे. दिवाळीच्या सुटीत गोव्यातल्या दिवाडी बेटावर सगळ्यांनी एकत्र सायकल चालवायची. सगळ्यांनी म्हणजे आई, वडील, मुले, मुली, आणि ज्यांना अजून नीट चालवता येत नाही त्या दोन खालाही. एकूण १९ माणसे. सर्वांत लहान ९ वर्षांची, सर्वांत मोठे चाचा ६३ वर्षांचे. बेत कळल्यावर जो तो एकच विचारू लागला: एवढ्या लांब कशाला? भाटघरच्या काठाने चालवा की!

काठाने चालवतोच आहोत, तयारीसाठी. पण आपल्या गावातला रस्ता आणि परका रस्ता यांत फरक आहे. गावात बाई सायकलवर बसली की दुकानाच्या पायरीवरून, एस. टी. थांब्यावरून, माडीवरून डोळे वळतात. कोणी वाईट बोलत नाही, पण सगळे बघतात. चाळीस वर्षांच्या बाईला शिकताना पडायला जागा हवी आणि बघणारे कमी हवेत. दिवाडीला पूल नाही. जायचे तर फेरीबोटीनेच. म्हणून तिथे परगावची भरधाव वाहतूक घुसत नाही. भाताची खाचरे, खारफुटी आणि मधोमध एक टेकडी एवढेच बेट आहे. एका सकाळीत आरामात फिरून होते.

बेटाला सायकलने वळसा घालण्याची हौस जगात जुनी आहे. तैवानमध्ये तर ती जवळजवळ रीतच झाली आहे. २००७ साली तिथल्या एका मोठ्या सायकल कंपनीचे संस्थापक किंग लिऊ यांनी वयाच्या ७३व्या वर्षी सगळ्या बेटाला प्रदक्षिणा घातली. तो रस्ता ९०० किलोमीटरहून अधिक आहे. आमच्या चाचांना ही माहिती सांगितल्यापासून ते स्वतःला तरुण म्हणवून घेतात.

मात्र आमच्या घरातल्या बायकांना धीर आला तो तैवानमुळे नाही, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईमुळे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला सायकल शिकण्याची जोड दिली. खेड्यापाड्यांतल्या हजारो स्त्रिया सायकल शिकल्या, त्यांत मुस्लीम घरांतल्याही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. त्यातली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा बायकांनी बिनदिक्कत जेन्ट्‌स सायकली घेतल्या, आणि पुढे कित्येकींना त्याच बऱ्या वाटू लागल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या आडव्या दांडीवर मूल बसवता येते. पाणी आणायला, शेतावर जायला, बाजाराला कोणाची वाट बघायची गरज उरली नाही. आमच्याकडेही अडचण तीच आहे. वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांत एस. टी. चुकली तर बाईचा दिवस गेला.

वडीलधाऱ्यांपैकी एक नानी मात्र तयार नव्हत्या. त्यांनी दोन प्रश्न टाकले: पडल्यावर उचलणार कोण, आणि कपडा चाकात गेला तर? दुसऱ्या प्रश्नाने सगळ्यांचे डोळे उघडले. इतके दिवस आमची चर्चा चालली होती ती रेल्वे आणि टेम्पोची. नानींचे म्हणणे धरून आता असे ठरले आहे: गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, पायाशी निमुळती सलवार, उजव्या पायच्याला रुंद इलॅस्टिकची पट्टी, कारण साखळी त्याच बाजूला असते. ओढणी मोकळी सोडायची नाही. छातीवरून फिरवून कमरेला गाठ. डोक्याला पातळ सुती स्कार्फ, त्याला पिन किंवा गाठ मागे नको, कारण वर हेल्मेट बसायचे आहे. आणि प्रत्येक लेडीज सायकलला चेनकव्हर व मागच्या चाकाला जाळी. हे काम भोरच्या सायकल दुकानदाराने दोन दिवसांत करून दिले. नानी आता चौकशी करतात, कोणाची पट्टी सैल आहे म्हणून.

शिकवण्याची पद्धतही लिहून ठेवण्यासारखी आहे. मोठ्या माणसाला मागून सीट धरून पळत शिकवू नये; शिकवणारा थकतो आणि शिकणारा घाबरतो. त्याऐवजी दोन्ही पेडल काढून टाकावीत. सीट इतकी खाली करावी की दोन्ही पाय सपाट टेकतील. मग मैदानाच्या हलक्या उतारावर पायांनी ढकलत ढकलत जायचे. तोल सांभाळता आला की पाय आपोआप उचलले जातात. त्यानंतर पेडल लावायची. असरनंतर शाळेच्या मैदानावर हा वर्ग भरतो. एका खालांना चार संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या अजून पेडलशिवायच आहेत, पण त्या रोज येतात.

आता बेटाविषयी. मांडवी नदीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या समोर दिवाडी आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जाताना आदिलशहाच्या वाड्याचे उरलेले दार लागते. १५१० साली पोर्तुगीजांनी घेण्यापूर्वी हे शहर विजापूरच्या आदिलशाहीत होते. बेटाच्या उत्तर टोकाला नार्वे. तिथले सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ पोर्तुगीज अमलात पाडले गेले. पुढे नदीपलीकडच्या नार्व्यात असलेल्या देवळाचा १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. त्या वेळी त्यांची राजधानी राजगड होती, म्हणजे आमच्या वेल्ह्यातलाच किल्ला. आता तालुक्यालाही तेच नाव मिळाले आहे. वेल्ह्याच्या मुलांना नकाशावर दोन्ही ठिकाणे दाखवली, तेव्हा दिवाडी एकदम जवळची झाली.

पण आम्हां शिक्षकांचे खरे आकर्षण आहे ते खाजन शेती. नदीकाठची खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून भातासाठी तयार केलेली. बांधात ठिकठिकाणी पाण्याची दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब दाराच्या फळीवर पडतो आणि फळी आपोआप मिटते. खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतले जास्तीचे पाणी फळी ढकलून बाहेर पडते. कोणी बटण दाबत नाही, कोणी चाक फिरवत नाही. भाटघर धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, ते बघायला आमची मुले दर पावसाळ्यात जातात. तेच तत्त्व गोव्याच्या शेतकऱ्यांनी कित्येक शतकांपूर्वी लाकडी फळीत बसवले, हे त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. या जमिनीत खारेपणा सोसणारे कोरगुट जातीचे भात घेतात. आंबेमोहोर आणि इंद्रायणी खाऊन वाढलेल्या भोरकरांनी ते चाखून मत द्यावे.

दुसऱ्या दिवशी शेजारचे चोडण बेट. रायबंदरहून फेरीबोट. त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली जाहीर झालेले. सालिम अलींना दुचाकीचे वेड होते. १९५० साली स्वीडनमधल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या परिषदेला निघताना त्यांनी आपली मोटारसायकल बरोबर नेली होती. अभयारण्यात मात्र सायकली बाहेर ठेवायच्या आणि तोंडेही बंद ठेवायची. पोरांना हे दुसरे जड जाईल.

तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ३ डिसेंबरपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची मोठी गर्दी असते. तेव्हा लहान मुले आणि १९ सायकली घेऊन धक्क्यावर उभे राहणे नको. आणि शुक्रवार प्रवासात जाऊ नये. शनिवारी सकाळी फजरनंतर, साडेसहाच्या सुमारास उजाडले की सुरुवात, ऊन चढण्याआधी परत. जोहर आणि जेवण पणजीत. तिथे जामा मशीद आहे.

सायकली रेल्वेने नेता येतात. पार्सल कार्यालयात सामान म्हणून नोंदवाव्या लागतात, नाव-पत्ता आणि स्टेशनची चिठ्ठी बांधावी लागते. पण एकोणीस सायकली एकाच गाडीत चढतील याची खात्री कोण देणार? म्हणून माणसे पुण्याहून गोवा एक्सप्रेसने मडगावला, आणि सायकली टेम्पोने. रस्ता सुमारे चारशे किलोमीटर. हँडल वळवून, पेडल आत घेऊन, दोन सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी. भाड्याच्या सायकली तिथे मिळाल्या असत्या, पण नवशिक्या माणसाला ज्या सीटवर तोल सापडला तीच सीट हवी. खर्चासाठी भिशी लावली आहे: घरटी महिना ५०० रुपये, आठ महिने. २८,००० जमतील. टेम्पो, तिकिटे आणि दोन रात्रींचा मुक्काम त्यात बसत नाही; वरचे ज्याने त्याने घालायचे, आणि एका घराचे बाकीच्या सहांनी. कोणत्या घराचे, ते भिशीच्या वहीत लिहिलेले नाही.

बेटावर चालण्याचा क्रमही ठरला आहे. सर्वांत हळू चालवणारा सर्वांत मागे नाही, पुढच्या माणसाच्या लगेच पाठीमागे. त्याच्या वेगाने सगळे जातील. शेवटी पंप, पंक्चरचे सामान आणि पाण्याची कॅन घेतलेले दोघे. दर तीन किलोमीटरला थांबा. टेकडीचा चढ हातात सायकल धरून चढायला हरकत नाही, उतारावर मात्र पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. फेरीबोटीचा उतरता धक्का ओला आणि शेवाळलेला असू शकतो. तिथे सगळ्यांनी उतरून चालायचे, चाचांनीसुद्धा.

या महिन्यात नसरापूर ते मार्गासनीपर्यंतची पहिली लांब फेरी आहे. रस्त्यावर ऊस आणि दुधाच्या गाड्या असतात, म्हणून रविवारची पहाट निवडली आहे. पेडलशिवायच्या खालांनी सांगून ठेवले आहे की त्यांची पेडल तोवर लावून तयार असायला हवीत. दुकानदार शनिवारी येतो आहे.