गरोदरपणातील चित्तभ्रम आणि मेंदूवर उलटलेली प्रतिकारशक्ती

पूर्वी कोणताही मानसिक आजार नसलेली स्त्री गरोदरपणात एकाएकी असंबद्ध बोलू लागली आणि तिला भास होऊ लागले, की घरात ‘बाहेरच्या बाधेची’ कुजबुज सुरू होते किंवा मनाच्या आजाराचे निदान होते. मात्र तिचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदूवर उलटली असेल, ही शक्यता सहज ध्यानात येत नाही.

असा एक आजार 2007 मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 स्त्रियांच्या अभ्यासातून उलगडला. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा, म्हणजे केस, दात आणि चेतापेशीही जिच्यात वाढू शकतात अशी विलक्षण गाठ होती. त्या चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहींविरुद्ध, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनांविरुद्ध, शरीर प्रतिपिंडे तयार करते. पेणजवळच्या जोहे गावातील गणपतीच्या कारखान्यांत एका मूर्तीवरून काढलेला साचा त्याच घडणीच्या दुसऱ्या मूर्तीवरही बसावा, तशी ही प्रतिपिंडे मेंदूतील त्याच ग्राहींना जाऊन चिकटतात. त्यामुळे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, परंतु पेशी सहसा मरत नाही, आणि म्हणूनच वेळेवर उपचार मिळाल्यास रुग्ण पूर्वपदावर येऊ शकतो, ही या आजारातील सर्वांत दिलासादायक बाब आहे. गाठ नसलेल्या रुग्णांतही हा आजार आढळतो. दालमाऊ यांच्याच गटाने 2010 मध्ये तीन गरोदर स्त्रियांची नोंद केली. तिघींची प्रकृती बरीच सुधारली आणि जन्मलेली दोन्ही बाळे निरोगी होती. प्रतिकारशक्ती उलटल्याने होणाऱ्या ल्यूपससारख्या अन्य स्वयंप्रतिकार विकारातही चित्तभ्रम उद्भवू शकतो.

अर्थात, प्रत्येक चित्तभ्रमामागे हेच कारण शोधणे अतिरेकाचे ठरेल. प्रसूतीनंतर चित्तभ्रम झालेल्या 96 स्त्रियांच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेतापेशींविरुद्धची प्रतिपिंडे केवळ चौघींत आढळली. परंतु ताप, डोकेदुखी, झटके, तोंडाच्या अनैच्छिक हालचाली किंवा अंग ताठरणे यांची जोड असेल, तर मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची आणि प्रतिपिंडांची तपासणी टाळणे योग्य नव्हे. गरोदरपणातील प्रत्येक झटक्याला रक्तदाबाचा विकार मानून थांबणेही धोक्याचे असते. निदान झाल्यावर स्टिरॉइड, प्रतिपिंडांची शिरेवाटे मात्रा, रक्तद्रव बदलणे आणि गाठ असल्यास शस्त्रक्रिया हे उपचार केले जातात.

जोहे परिसरातील कुटुंबांनी अशा स्त्रीला मांत्रिकाकडे न नेता तातडीने पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, आणि भास होण्याआधीच्या दिवसांत ताप किंवा डोकेदुखी होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.