दुसरी प्रत कुठं ठेवायची?

आज सर्च सर्व्हिसबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला सारून पुढं जाणं मला जमणार नाही. ते लिहितात, "आमच्या शेअरपॉइंटचे डेटाबेस दोन एसक्यूएल सर्व्हरवर आहेत. एक कारखान्यात, दुसरा मिरजेच्या ऑफिसात. एकावर लिहिलेलं त्याच क्षणी दुसऱ्यावर उमटतं. दोन्हीकडं रेड आहे. मग रोज रात्री वेगळा बॅकअप घ्यायचा खटाटोप कशासाठी?"

आधी सरळ उत्तर देतो. ही जोडी तुम्हाला यंत्र बंद पडण्यापासून वाचवते. डिस्क गेली, मदरबोर्ड गेला, तरी काम चालू राहील. पण कुणी चुकून अख्खी डॉक्युमेंट लायब्ररी उडवली, तर ती उडवल्याची नोंदही त्याच क्षणी मिरजेला पोचते. रीसायकल बिनचं आपण मागच्या वेळी पाहिलंच. तीस दिवस उलटले, की ती वाट बंद. रॅनसमवेअर तर याच्याही पुढचं. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या विषाणूनं फायली कुलूपबंद करताना विंडोजनं स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रतीही पुसून टाकल्या होत्या, म्हणजे मागं फिरायचा रस्ताच उरू नये. दोन्ही सर्व्हर एकाच डोमेनमध्ये, एकाच अ‍ॅडमिन पासवर्डवर असतील, तर एकाचं झालं ते दुसऱ्याचं व्हायला वेळ लागत नाही. 'गेल्या मंगळवारी रात्री अकरा वाजता काय होतं?' या प्रश्नाचं उत्तर फक्त बॅकअपजवळ असतं, आणि तोही नेटवर्कपासून तोडून ठेवलेला असेल तरच.

पण हे पत्र वाचताना मी अडखळलो तो वेगळ्याच ठिकाणी. कारखाना कुपवाडला, दुसरं ऑफिस मिरजेला. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका आहे, रस्ते तेच, आणि पूर आला की अडचणही सगळ्यांची एकत्रच होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कुपवाड उंचावर, तिथल्या बहुतेक कारखान्यांत पाणी शिरलं नाही. पण जुन्या सांगलीतल्या पेठांमध्ये तळमजले बुडाले आणि आपल्याकडं सर्व्हर, यूपीएस, बॅटऱ्या सगळं तळमजल्यावरच असतं, कारण बॅटऱ्यांचं वजन जिन्यावरून कोण चढवणार? बुडालेल्या भागाची वीज बंद करण्यात आली होती. ज्यांनी वेळेत सर्व्हर उचलून दुसऱ्या मजल्यावर नेला, त्यांचा डेटा वाचला. पण चालू कशावर करणार? आणि नदीचा पूर आधी कळतो तरी. कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे, कऱ्हाडला पाणी किती आहे, हे ऐकून सांगलीकर अंदाज बांधतात. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. तेव्हा ही कधीतरी येणारी आपत्ती समजून चालणार नाही, आपल्या बॅकअपच्या आराखड्यात ती गृहीतच धरायला हवी.

इथं मला हरिपूर आठवतं. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथलं गाव. इथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं असायची. वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आत पाचट आणि पाला लावलेला. तोंड मातीनं लिंपून टाकलं की आत हवा शिरत नाही, कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर आत कोंडलेला वायू निघून जाईपर्यंत कुणी खाली उतरत नाही. त्या मातीला ओल धरत नाही म्हणून तर सांगलीच्या बाजारपेठेनं तिथं माल ठेवला. साठवणुकीची रीत इतकी पारखलेली, की तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण सगळा माल संगमाच्या काठावर होता. २००५ च्या महापुरानं ही पेवं मोडली, आणि व्यापारी मोठ्या प्रमाणावर शीतगृहांकडं वळले. आपले बॅकअपही मला बऱ्याच ठिकाणी असेच दिसतात. रोज रात्री नेमानं घेतलेले, चेकसमसकट, तारीखवार लावलेले, आणि सगळे एकाच कपाटात.

मग दुसरी प्रत ठेवायची कुठं? सांगलीच्या लोकांना पहिल्यांदा कोल्हापूर सुचतं, कारण ते जवळ आहे आणि तिथं ओळखीचं कुणी ना कुणी असतं. पण २०१९ ला पंचगंगेला त्याच आठवड्यात पूर होता आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. तिथली हार्ड डिस्क सुरक्षित असेलही, पण ती आणणार कोण आणि कुठून? कऱ्हाडचंही तेच, गाव कृष्णा-कोयनेच्या संगमावरच वसलेलं.

माझं मत सातारा शहराच्या बाजूनं आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या शहराला सांगलीचा पूर लागत नाही. अंतर रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सकाळी निघालेला माणूस डिस्क घेऊन संध्याकाळी परत येतो. उलट, साताऱ्यातल्या कंपन्यांनी सांगलीकडं पाहावं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेला भूकंप या जिल्ह्यानं सोसला आहे, आणि त्या पट्ट्यात जमीन अजूनही अधूनमधून हलते. सातारकरांनी आपली दुसरी प्रत पाटणच्या भावाकडं ठेवू नये. ती सांगलीत, दुसऱ्या मजल्यावर ठेवावी. दोन शहरांतल्या दोन ओळखीच्या कंपन्यांनी एकमेकींना एक-एक कप्पा दिला, तर भाड्याचा खर्चही नाही. डिस्क मात्र पूर्ण एन्क्रिप्ट केलेली हवी, आणि तिची चावी डिस्कसोबत पाठवायची नाही.

आमचे कुपवाडचे वाचक यावर म्हणतील, मग मिरजेचा एसक्यूएल सर्व्हरच उचलून साताऱ्याला नेतो. तसं करू नका. शेअरपॉइंटच्या एकाच फार्ममधल्या सर्व्हरांमध्ये एकेरी विलंब एक मिलिसेकंदाच्या आत आणि वेग किमान १ गिगाबिट असावा, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सव्वाशे किलोमीटरला ०.६ मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. वाटेतली यंत्रं आणि वळसे घालत गेलेली तार धरली, तर अट मोडलीच. पानं रेंगाळत उघडतील, आणि लोक शेअरपॉइंट सोडून पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फायली पाठवू लागतील. साताऱ्याला चालता सर्व्हर हवाच असेल, तर तिथं वेगळा फार्म उभा करा आणि कन्टेन्ट डेटाबेसचे लॉग बॅकअप दर पंधरा मिनिटांनी तिकडं पाठवून लावत राहा. पंधरा मिनिटांचं काम गमवायची तयारी ठेवली, की सव्वाशे किलोमीटरची अडचण उरत नाही.

लाइन पुरेल का, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. सगळे डेटाबेस मिळून ६०० जीबी असतील आणि अपलोडचा खरा वेग १०० एमबीपीएस असेल, तर पहिली पूर्ण प्रत जायला तेरा तासांच्या वर लागतात, तेही लाइनवर दुसरं काहीच चालू नसेल तर. म्हणून पहिली प्रत डिस्कवर, गाडीनं न्यावी. त्यानंतर रात्रीचा डिफरन्शियल ८ जीबीचा असेल, तर तो अकरा मिनिटांत जातो. क्लाउडवर ठेवतो म्हणणाऱ्यांनीही हाच हिशेब उलट्या दिशेनं, डाउनलोडचा वेग धरून, एकदा मांडावा. क्लाउडला माझा विरोध नाही, तिसरी प्रत म्हणून ती जागा उत्तमच आहे. जाता जाता एक सांगून ठेवतो. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर असेल आणि लॉगचा बॅकअप घेतच नसाल, तर लॉगची फाइल फुगत जाऊन डिस्क भरते. रोजच्या पूर्ण बॅकअपनं ती रिकामी होत नाही.

आता ज्यासाठी हा लेख खरं तर लिहितो आहे, ते. माझ्या माहितीतली एक कंपनी. कारखाना उंचावर, हेड ऑफिस सांगलीतल्या पेठेत, तळमजल्यावर. शेअरपॉइंट आणि एसक्यूएल कारखान्यात, म्हणून पुरात त्यांना धक्का लागला नाही. कन्टेन्ट डेटाबेसचे बॅकअपही चोख. पण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा एकुलता एक डोमेन कंट्रोलर हेड ऑफिसात होता आणि तो बुडाला. त्याचा बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर. म्हणजे तोही बुडाला.

लोकांनी धीर धरला. नवा डोमेन उभा केला, नाव तेच दिलं, लॉगिनची नावंही तीच. वाटलं, झालं काम. पण कुणालाच काही उघडेना. कारण विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक खात्याला सिड नावाचा एक लांबलचक आकडा असतो आणि शेअरपॉइंट त्या माणसाची नोंद ठेवतं ती या सिडसकट. नवा डोमेन म्हणजे सगळे सिड नवे. जुन्या स्टोअरकीपरला दिलेली परवानगी या नव्या स्टोअरकीपरला लागू नाही, मग नाव, गाव आणि पासवर्ड तोच का असेना. ड्रॉइंग, परचेस ऑर्डर, क्वालिटीचे रिपोर्ट, सगळं जागच्या जागी, शाबूत, आणि कुणाच्याही हाती न लागणारं.

यातून वाट आहे. मूव्ह-एसपीयूजर ही आज्ञा जुनं खातं नव्याला जोडून देते, पण एकेका माणसासाठी ती चालवावी लागते, आणि ग्रुपांचा मामला वेगळा हाताळावा लागतो. ते सगळं निस्तरलं, पण त्या दिवसांत पुराचा चिखलही काढायचा होता आणि गिऱ्हाइकांचे फोनही घ्यायचे होते.

टाळता येण्याजोगं होतं का? अगदी सहज. दुसरा डोमेन कंट्रोलर साताऱ्याच्या त्या कप्प्यातल्या एखाद्या साध्या मशीनवर चालला असता. तेवढंही नको असेल, तर डोमेन कंट्रोलरच्या सिस्टिम स्टेटचा बॅकअप बाहेरगावच्या डिस्कवर हवा. त्यालाही मुदत आहे. तो साधारण १८० दिवसांहून जुना झाला की वापरता येत नाही, तेव्हा वर्षापूर्वीची डिस्क कपाटात आहे म्हणून निश्चिंत राहू नका. शेअरपॉइंटवर लिहिणारे बहुतेक जण कन्टेन्ट डेटाबेसपाशी थांबतात, आणि मला हे खटकतं. ज्या ऑफिसात सगळं मिळून तीन-चार मशीन आहेत, तिथं डोमेन कंट्रोलर परत उभा करता येणं हीच पहिली पायरी आहे. आधी डोमेन आणि डीएनएस, मग एसक्यूएल, मग शेअरपॉइंट, आणि शेवटी डेटाबेस जोडायचे. हा क्रम उलटा फिरवता येत नाही.

डिस्कसोबत एक कागद हवा, छापलेला, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावर शेअरपॉइंटचा नेमका बिल्ड नंबर लिहा, कारण पुढच्या बिल्डचा डेटाबेस मागच्या बिल्डवर जोडता येत नाही. भाषांचे पॅक कोणते बसवले आहेत, बाहेरून घेतलेली सोल्युशन्स कोणती आणि त्यांच्या फायली कुठं आहेत, तेही लिहा. सर्टिफिकेट खाजगी चावीसकट काढून ठेवा. फार्मच्या बॅकअपमध्ये सर्व्हिस अकाउंटांचे पासवर्ड येत नाहीत आणि सीक्रेट स्टोअरचा पासफ्रेज माहीत नसेल, तर त्यातलं काही परत मिळत नाही. हे दोन्ही वेगळ्या लिफाफ्यात, दुसऱ्या माणसाकडं.

वाचकांना एक विनंती. सर्चवरचा लेख येईपर्यंत तुमच्या सगळ्यात लहान कन्टेन्ट डेटाबेसचा बॅकअप बाहेरगावच्या प्रतीवरून मागवा, जवळची प्रत वापरू नका. एखाद्या रिकाम्या मशीनवर तो रिस्टोअर करा आणि टेस्ट-एसपीकन्टेन्टडेटाबेस चालवून बघा. नसलेली फीचर्स आणि वेब पार्ट यांची यादी ती आज्ञा स्वतःच काढून देते. डिस्क मागवल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा मला कळवा. सांगलीकरांनी हे जूनच्या आत उरकावं.