सिकलसेल : वेदना थांबल्यानंतरची काळजी

प्रतिवर्षी या अहवालातून आम्ही रुग्णसेवेचा तपशील, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली सादर करीत असतो. त्याचबरोबर एखाद्या आजाराची माहिती सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवण्याचाही प्रघात आहे. यंदा त्यासाठी सिकलसेल या आजाराची निवड केली, त्यास एक कारण घडले. औषध भांडाराच्या नोंदवह्या तपासत असता आमच्या असे निदर्शनास आले की, या आजाराचे अनेक रुग्ण अंगात वेदना असेपर्यंत कॅप्सूल नियमितपणे नेतात आणि बरे वाटू लागले की येणे बंद करतात. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर ही गळती अधिकच वाढते. पुढे त्यांतील काहीजण पुन्हा येतात, ते थेट आंतररुग्ण विभागात दाखल होण्यासाठीच.

आम्ही व्यवस्थापनातील माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. या गळतीचा वैद्यकीय अर्थ आम्हांस आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितला. तो मंगरूळपीर तालुक्यातील आणि शेजारच्या मानोरा, कारंजा, मालेगाव भागांतील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

आजाराचे स्वरूप

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचविणे हे त्याचे कार्य. सिकलसेलच्या रुग्णांत या द्रव्याच्या घडणीत जन्मतःच एक सूक्ष्म बदल झालेला असतो. त्याच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे आम्ल येते. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू कमी पडताच हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याचे ताठर धागे बनतात आणि मऊ, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय होतो. त्याहून गंभीर बाब अशी की, या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून पडतात आणि पुढील भागाचा रक्तपुरवठा खंडित करतात. असह्य वेदनेचे झटके येतात ते यामुळेच.

हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, अन्नाने वा सोबत राहिल्याने तो होत नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. यात आईचा दोष आणि वडिलांचा दोष असा भेद करता येत नाही, हे सासरच्या व माहेरच्या दोन्ही मंडळींनी लक्षात ठेवावे.

विदर्भ आणि सिकलसेल

या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळून आला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला व सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्या विदर्भाची ओळख या आजाराच्या अभ्यासकांना सहा दशकांहून अधिक काळापासून आहे. अनुसूचित जमातींबरोबरच अनुसूचित जाती आणि अन्य काही समाजांतही तो आढळतो. तेव्हा 'हा केवळ जंगलातल्या लोकांचा आजार' ही समजूत निराधार होय.

नागपूर येथे सिकलसेलग्रस्त वा वाहक मातांच्या २१३४ नवजात बालकांची तपासणी करण्यात आली; तिचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १०४ बालकांना हा आजार असल्याचे जन्मानंतर लगेच कळले. अशा वेळीच निदान झाले तर लाभ काय, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

दिसत नाही ती झीज

जमाखर्चात रोख खर्च ताबडतोब दिसतो. यंत्रसामग्रीचा घसारा मात्र वर्षअखेरीस नोंदला नाही तर डोळ्यांस दिसत नाही, आणि एके दिवशी यंत्र बंद पडते. सिकलसेलमधील वेदनेचा झटका हा रोख खर्चासारखा आहे. घरचे सारे जागे होतात, गाडी करून रुग्णालय गाठतात. परंतु दोन झटक्यांच्या मधल्या काळातही पेशी वाकड्या होतच असतात आणि अवयवांची झीज चालूच राहते. तिचा गाजावाजा होत नाही, एवढेच.

सर्वप्रथम बाधित होते ती प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जिला पानथरी म्हणतात ती. काही विशिष्ट जंतूंपासून रक्षण करणे हे तिचे काम. ते मंदावले की लहान मुलाचा साधा वाटणारा ताप काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. रोज पेनिसिलिन दिल्यास लहानग्यांमधील न्यूमोकोकस जंतूंचा रक्तातील संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासात १९८६ साली दिसून आले. निदान जन्मतःच व्हावे, ते या कारणासाठी. कधी कधी पानथरीत अचानक रक्त साचून ती फुगते व मूल पांढरेफटक पडते. पोटाच्या डाव्या बाजूस हात लावून पानथरी तपासण्याचे आमच्या परिचारिका मातांना शिकवितात.

मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती लहानपणीच कमी होते. म्हणून ही मुले वारंवार लघवीस जातात, मोठ्या वयातही अंथरूण ओले करतात आणि त्याबद्दल मार खातात. तो त्यांचा अपराध नसतो. हीच मुले वैशाखाच्या उन्हात पाण्यावाचून राहिली तर शरीर लवकर कोरडे पडते आणि झटका येतो. दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन महिनोन्‌महिने खाणे हेही मूत्रपिंडांस अपायकारक आहे.

मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यास बालवयातच पक्षाघात होऊ शकतो. डोक्याच्या रक्तवाहिन्यांची ध्वनिलहरींद्वारे तपासणी करून ज्यांना धोका अधिक आहे अशी मुले आधीच ओळखता येतात. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिल्या पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९८ मधील अमेरिकी अभ्यासाने सिद्ध केले. ही तपासणी आमच्याकडे होत नाही. त्यासाठी मुलांना मोठ्या केंद्राकडे पाठवावे लागते.

हाडांची कहाणी

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक शाळकरी मुलगा लंगडत आला. कित्येक महिन्यांपासून त्याची जांघ दुखत होती. त्यास मांडी घालून बसता येत नव्हते. अन्यत्र त्याच्यावर वाताचे उपचार झाले होते आणि तेलाने मालीशही झाली होती. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. क्ष-किरण चित्रात खुब्याच्या सांध्यातील हाडाचा गोळा एका बाजूने खचलेला दिसला. त्या मुलाचे वेदनेचे झटके फार मोठे कधीच नव्हते. म्हणून घरच्यांना दोष देण्याचे कारण नाही.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते व त्याचा रक्तपुरवठा मोजक्याच बारीक वाहिन्यांवर अवलंबून असतो. त्या अडल्या की हाडाचा तेवढा भाग मृत होतो आणि शरीराच्या भाराने खचतो. सुरुवातीस क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. एमआरआयमध्ये दोष आधी कळतो. जांघेत वा गुडघ्यात दुखणे, लंगडणे, उकिडवे बसता न येणे ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रिया हाच एकमेव उपाय नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान तुलनात्मक अभ्यासात, हाडास छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया व व्यायामोपचार एकत्र दिलेल्या रुग्णांची प्रगती केवळ व्यायामोपचार दिलेल्यांपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून भौतिकोपचार विभागास आम्ही या रुग्णांच्या बाबतीत गौण मानत नाही.

याखेरीज लहान बाळांच्या हातापायांची बोटे सुजणे, हाडात जंतुसंसर्ग होणे, 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे दुबळी होणे, हेही या आजारात आढळते. बाळाची बोटे दोन्ही बाजूंस सुजली तर ती मुकामाराची सूज समजून दुर्लक्ष करू नये.

एक स्वस्त औषध आणि नागपूरचे संशोधन

मूल गर्भात असताना त्याच्या रक्तात निराळ्या प्रकारचे, गर्भकालीन हिमोग्लोबिन असते. ते पेशीस वाकडे होऊ देत नाही. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने निरोगी दिसते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते. १९९५ साली अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांवरील अभ्यासात या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसून आले.

परंतु तेथे दिली जाणारी मोठी मात्रा म्हणजे रक्ताच्या वारंवार तपासण्या आल्या. त्या आपल्या ग्रामीण भागात कोठून व्हायच्या? या प्रश्नास उत्तर मिळाले ते नागपुरातून. डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांचा अभ्यास केला. निम्म्यांना वजनाच्या दर किलोस १० मिलिग्रॅम एवढी कमी व ठरावीक मात्रा आणि निम्म्यांना औषधविरहित गोळी अठरा महिने देण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांचे झटके, रक्त देण्याची गरज आणि रुग्णालयात दाखल होणे या तिन्हींत लक्षणीय घट झाली. या हिशेबाने ५० किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे एक कॅप्सूल पुरते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. हे औषध सर्व अवयवांचे पूर्ण रक्षण करते, असे सिद्ध झालेले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १९३ तान्ह्या बालकांच्या अभ्यासात वेदना व बोटांची सूज स्पष्टपणे घटली. मात्र पानथरी व मूत्रपिंड यांच्या मुख्य मोजमापांत दोन वर्षांत लक्षणीय फरक पडला नाही. खुब्याचे हाड वाचते, असेही ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून कॅप्सूल सुरू आहे, आता तपासणी कशाला, असे मानणे चुकीचे आहे. आणि वेदना नाही, आता कॅप्सूल कशाला, असे मानणे त्याहून चुकीचे. औषध पांढऱ्या पेशी कमी करू शकते, त्यामुळे डॉक्टर सांगतील त्या अंतराने रक्त तपासावे, वजन वाढल्यास मात्रा पुन्हा ठरवून घ्यावी. अपत्याचा विचार असलेल्या स्त्री-पुरुषांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आमचा संकल्प व विनंती

नोंदवही पाहता दोष केवळ रुग्णांचा नाही, हेही आम्हांस मान्य करावे लागले. आम्ही एका वेळी पंधरा दिवसांचेच औषध देत होतो. मजुरी बुडवून, बसभाडे खर्चून, महिन्यातून दोनदा येणे कोणास परवडेल? आता प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास डॉक्टरांच्या संमतीने अधिक दिवसांचे औषध एकदम देण्यात येते आणि पुढील तारीख चुकल्यास कार्यालयातून निरोप पाठविला जातो. हंगामापूर्वी कामासाठी परगावी जाणाऱ्यांनी तसे कळवावे. त्यांस पुरेसे औषध व तपासणीची चिठ्ठी सोबत देऊ.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, असे त्याचे ध्येय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश झालेला आहे. या सोयींचा लाभ घेण्यास पहिली पायरी एकच : रक्ततपासणी. विवाह जुळविताना पत्रिकेबरोबर हा अहवालही पाहण्याची रीत पडली, तर पुढील पिढीचे मोठे दुःख टळेल.

देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे की, या आजाराकरिता देणगी देताना केवळ खाटा व यंत्रे यांचाच विचार न करता वर्षभर खंड न पडता पुरणाऱ्या औषधसाठ्याचाही विचार व्हावा. भिंतीवरील पाटीवर त्याचे नाव कोरता येत नाही. परंतु एखादा मुलगा शाळेच्या मैदानावर सरळ पावले टाकीत चालला, तर त्यात त्या साठ्याचा वाटा असेल.