पांढुर्णा आणि सौसर: एक जिल्हा, दोन मतदारसंघ

मध्य प्रदेशात सौसर (क्र. 125) आणि पांढुर्णा (क्र. 128) हे विधानसभेचे दोन शेजारी मतदारसंघ आहेत. लोकसभेला दोन्ही छिंदवाड्यात मोडतात. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे संत्र्यांचा हा मराठी बोलणारा पट्टा सीमेपलीकडे उरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर भरणारी पांढुर्णा-सावरगावची गोटमार, म्हणजे दोन गावांतली दगडफेकीची प्रथा, बाहेरच्यांना ठाऊक असते, इथलं राजकारण क्वचितच.

2008 च्या पुनर्रचनेनंतर पांढुर्णा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, सौसर खुला. साहजिकच पांढुर्ण्यात प्रमुख पक्षांना आदिवासी उमेदवार द्यावा लागतो, पण शहरातल्या आणि बागायती गावांतल्या बिगर-आदिवासी मतांवाचूनही भागत नाही. 2013 मध्ये इथे काँग्रेसचे जतन उईके जिंकले, तर 2018 आणि 2023 मध्ये काँग्रेसचेच नीलेश उईके. सौसरने 2008 आणि 2013 मध्ये भाजपच्या नानाभाऊ मोहोडांना निवडलं. पुढच्या दोन्ही वेळा काँग्रेसचे विजय चौरे आले.

ऑक्टोबर 2023 मध्ये, मतदानाच्या तोंडावर, पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. घोषणा भाजप सरकारची. तरी नोव्हेंबरच्या मतदानात दोन्ही जागा काँग्रेसकडेच राहिल्या. 2024 च्या लोकसभेत मात्र भाजपच्या विवेक 'बंटी' साहूंनी काँग्रेसच्या नकुलनाथांना हरवून छिंदवाडा घेतलं.