बांधाची फेरी आणि रानाचे माप

ज्या मापावर मजुरी ठरते, ते माप मजुराला स्वतःला करता आले पाहिजे, असे आम्ही सभांतून नेहमी सांगत आलो. चौसाळ्याच्या शिवारात सोयाबीनची काढणी पुष्कळदा एकरावर उक्ती दिली जाते. तेथे एकराचे माप चुकले की दिवसाचा घाम हिशेबातून गळतो.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा. तिचे 1,089 चौरस फूट होतात. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आता दोन रानांचा हिशेब पाहू. पहिले चारी बाजूंनी 330 फूट आणि काटकोनात आहे. लांबीत 10 व रुंदीत 10, असे त्यात 100 गुंठे बसतात. दुसरे 528 फूट लांब व 132 फूट रुंद आहे. त्यात 16 गुणिले 4, म्हणजे 64 गुंठेच बसतात. बांधाची फेरी मात्र दोहोंची 1,320 फूटच! तेव्हा फेरीची पावले मोजून 'दोन्ही सारखीच' म्हणणाऱ्याला मान डोलावू नये. पहिले रान काढणाऱ्याने 36 गुंठे जास्त काढलेले असतात.

चारही बांध मोजले, तरी भागत नाही. 330 फुटांचे हेच चार बांध तिरके असले, तर आतली जागा कमी भरते. चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ निश्चित होत नाही, हे भास्कराचार्यांनी 1150 सालच्या 'लीलावती'त बजावले आहे.

मग करावे काय? समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी ताणावी. हा कर्ण, त्याने रानाचे दोन त्रिकोण होतात. उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोरीपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मोजावे. तो लंब. कर्ण व लंब यांचा गुणाकार करून निम्मा घ्यावा. कारण त्रिकोण हा तेवढ्याच लांबी-रुंदीच्या आयताचा अर्धा असतो. समजा, कर्ण 396 फूट व दोन्ही लंब 264 फूट आले. प्रत्येक त्रिकोण 48 गुंठे, एकूण 96. 'चारी बाजू 330, म्हणजे अडीच एकर' या बोलीवर जमीन घेणारा, नसलेल्या चार गुंठ्यांचे पैसे मोजतो.

दोरी, दोन खुंट्या आणि गुणाकार, एवढेच याचे सामान. सातवीतली मुलगीही हे बांधावर बसून करील. समोरच्याने आकडा सांगण्याआधी आपला आकडा आपल्या हाती असावा. मग बोलणी बरोबरीने होतात.