जोरदार 'टाल्या'!

गॅदरिंगच्या स्टेजवर मी 'टाळ्या' ऐवजी 'टाल्या' म्हणाले, हे आता वॉचमनकाकांनाही माहीत आहे. कॉन्व्हेंटमुळे माझा 'ळ' कच्चा, कबूल! पण त्या ११ सेकंदांच्या क्लिपचा रातोरात स्टिकर झाला आणि दुसऱ्या दिवशी ती एका निनावी पेजवर चढली. तिथल्या कॉमेंट्स 'ळ' बद्दल नव्हत्या. माझ्या दिसण्याबद्दल होत्या, आणि काही तर इथे छापण्यासारख्या नाहीत.

मी काय केलं? रात्री अडीचपर्यंत एकेकाला उत्तरं देत बसले. मग रडले. चार दिवस मेस बंद होता होता जेवायला जायचे, कुणी भेटायला नको म्हणून. रूममेट म्हणाली, "अगं, दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी नवीन गिऱ्हाईक मिळेल त्यांना." मला तिचाच राग आला. वाटलं, हिची कातडी गेंड्याची आणि मी लाजाळूचं झाड!

हा फरक येतो कुठून, म्हणून थोडं वाचलं. मानसशास्त्रात स्वभाव पाच गुणांवर मोजतात, 'बिग फाइव्ह' म्हणतात त्याला. त्यातला एक न्यूरॉटिसिझम, म्हणजे चटकन अस्वस्थ होण्याची, काळजी करत बसण्याची प्रवृत्ती. ती ज्याच्यात जास्त, त्याला तोच टोमणा जास्त लागतो आणि जास्त दिवस टोचतो. यात त्याचा काय दोष? कास्ट आयर्न ठिसूळ आहे म्हणून त्याला कुणी रागावतं का?

शिवाय लोड कसला आहे तेही बघा. फटीग आपल्याला पेपरात येतोच. यील्ड स्ट्रेंग्थपेक्षा कमी लोडसुद्धा पुन्हा पुन्हा दिला की स्टीलही तुटतं. एक स्टिकर म्हणजे किरकोळ. पण तो दिवसातून कितीदा येतो, आणि आपण स्वतः उघडून कितीदा बघतो ते वेगळंच! पूर्वीची चेष्टा निदान समोरासमोर व्हायची. ही उशाशी चार्जिंगला लावलेली असते.

रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली ताणावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की संकट आलं की आपलं डोकं दोन हिशेब करतं: यात मला धोका किती, आणि माझ्या हातात काय आहे? मग रस्तेही दोन. एक प्रश्नावर इलाज करण्याचा (पुरावा ठेवा, ब्लॉक करा, तक्रार करा), दुसरा मन सावरण्याचा (कुणाशी बोला, पळायला जा, डायरी लिहा). मुळात दोन्ही ठीक. जे हातात आहे तिथे पहिला, जे नाही तिथे दुसरा. मी नेमकं उलटं केलं! लोकांची तोंडं माझ्या हातात नव्हती, तिथे भांडले. तक्रार हातात होती, तिथे रडत बसले.

त्यातून काळजी करणाऱ्या माणसाचा कल स्वतःलाच दोष देण्याकडे आणि तोंड लपवण्याकडे असतो. म्हणजे ज्याला जास्त लागतं, त्यालाच मदत मागणं जड जातं. "मनाला लावून घेऊ नकोस" हा सल्ला म्हणूनच बिनकामाचा.

पाचव्या दिवशी रूममेटनेच माझा फोन घेतला. ग्रुप म्यूट केला, मला वाचायला लागू नये म्हणून स्क्रीनशॉट स्वतः काढले आणि मला रेक्टर मॅडमकडे नेलं. दोन दिवसांनी पेज गेलं. स्टिकर अजून आहे. (रेक्टरकडे जायचं धाडस नसेल तर यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८०० १८० ५५२२ आहे, आणि नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६.)

परत येताना ती सहज म्हणाली, "माझ्या वेळी तर मी कॉलेज सोडून घरी येते म्हणून पप्पांना फोन केला होता."

तुझ्या वेळी?

फर्स्ट इयर. तिच्या इंग्लिश प्रेझेंटेशनची क्लिप. रात्री ग्रुपवर मागे जाऊन शोधली. तिच्याखाली हसणारे १७ चेहरे आहेत, त्यातला एक मी टाकलेला. मला आठवतही नव्हता.

सकाळी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये मला. चल आता, मेस बंद होईल."